माझ्या एका मित्राकडे ढेकूण झालेत

सकाळी सव्वासात वाजता, समोरच्या माणसाने उपम्याचा घास नुकताच तोंडात घातलेला असताना त्याने ‘आपण काय करता?’ असं विचारलं, तर खरं उत्तर द्यावं की नाही, हा माझ्या धंद्यातला कायमचा पेच आहे. सीए झटकन सांगून मोकळा होतो. विमावाला तर न विचारताच सांगतो. मी ‘पेस्ट कंट्रोल’ म्हटलं की माणूस आधी बशीकडे बघतो, मग माझ्या हातांकडे.

पुण्यात धंदा करायचा तर एखाद्या नेटवर्किंग क्लबात असलंच पाहिजे, हे मत माझ्या मेव्हण्याचं. मेव्हणा बँकेत नोकरीला आहे, त्यामुळे धंद्याबद्दलची त्याची मतं पक्की असतात. त्याच्या आग्रहाने मी एका क्लबाची वर्षाची फी भरली. नाश्त्याचे पैसे वेगळे. दर आठवड्याला कर्वे रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, उजाडायच्या सुमारास, गळ्यात पट्टी आणि पट्टीला नाव लटकवून आम्ही एकमेकांना भेटतो. एरवी दहाच्या आत शटर वर न करणारा पुणेकर पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून ओळखी वाढवायला बाहेर पडतो, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला पटणार नाही.

ही कल्पना मुळात शिकागोची. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवलं आणि रोटरी क्लब सुरू झाला. त्या पहिल्या बैठकीला एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी होता. पेस्ट कंट्रोलवाला नव्हता, आणि त्यांचं काही अडलं नाही. एका धंद्याचा एकच सभासद, ही पद्धत रोटरीने रुळवली. पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियात आयव्हन मिस्नर यांनी बीएनआय ही धंदेवाल्यांची संघटना काढली आणि कोणी कोणाला किती काम मिळवून दिलं याची रीतसर नोंद सुरू झाली. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढला. आमचा क्लब यांतला कुठलाच नव्हे, पण चाल तीच: एका धंद्याला एक खुर्ची, आणि खुर्चीवर बसणाऱ्याने दुसऱ्याला गिऱ्हाईक आणून द्यायचं. ज्याला काम मिळालं त्याने उभं राहून रकमेसकट आभार मानायचे. ज्याने काम करून घेतलं त्याने चार चांगले शब्द बोलायचे. मग टाळ्या.

हॉलमध्ये सगळेच विकायला आलेले असतात. घ्यायला कोणीच नसतं. म्हणजे लग्नाला सगळा मुलाकडचाच गोतावळा जमावा आणि मुलीकडचं कोणीच फिरकू नये, तसं काहीसं. तरी प्रत्येकजण दुसऱ्याकडे अपेक्षेने बघत हसत असतो.

सुरुवातीला प्रत्येकाने ४५ सेकंदांत स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि शेवटी यमक जुळवायचं असतं. हा नियम लिहिलेला कुठे नाही, पण यमक नसलेल्या माणसाला टाळ्या कमी पडतात. वॉटरप्रूफिंगवाल्यांचं ‘पाऊस बाहेर, तुम्ही आत, आमची गॅरंटी वर्षं सात’ ऐकून मला असूया वाटली होती. मी रात्र खर्च करून ‘झोप उडाली? चिंता सोडा, आमचा नंबर फोनवर जोडा’ असं जुळवलं. ढेकूण हा शब्द नाश्त्याच्या वेळी उच्चारायला नको, एवढाच माझा सभ्य हेतू होता. होमिओपॅथ डॉक्टरांनी लगेच हात वर केला. निद्रानाश हा विषय त्यांच्या खुर्चीत येतो, असा त्यांचा आक्षेप. अध्यक्षांनी तो मान्य केला आणि माझी झोप कामकाजातून काढून टाकण्यात आली.

त्यानंतर मला ‘पॉवर टीम’मध्ये घातलं. एकमेकांना पूरक असे धंदे एकत्र आणायचे, म्हणजे काम आपोआप फिरतं, ही त्यामागची कल्पना. माझ्या टीमला मॉड्युलर किचनवाले, इंटिरिअर करणाऱ्या मॅडम आणि प्लायवूडचे एक व्यापारी. कागदावर याहून चांगली टीम होणार नाही. ट्रॉलीच्या रुळामागची पोकळी, बिजागरीची खाच, सिंकखालचा कायम ओलसर कोपरा: मॉड्युलर किचन ही त्या बारक्या तपकिरी झुरळांसाठी बांधलेली टाउनशिप आहे. शेपटाला अंड्यांची पिशवी लावून हिंडणारी एक मादी आत शिरली की एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं. मी मोठ्या आत्मीयतेने किचनवाल्यांना म्हटलं, ‘दादा, तुमची जिथे जिथे किचन झालीत, तिथे मला नक्की काम आहे.’ त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘आमच्या किचनमध्ये झुरळं होत नाहीत.’ मॅडमच्या फर्निचरला वाळवी लागत नाही. व्यापाऱ्यांच्या प्लायला तर वाळवी नुसती हुंगून परत जाते. पूरक धंद्यांची ही टीम अजून कागदावर टिकून आहे. चहाला आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसतो.

मग माझं काम चालतं कसं? ते हॉलमध्ये चालत नाही. ते वॉशबेसिनपाशी चालतं.

मीटिंग संपली की हात धुताना शेजारी कोणीतरी येऊन उभं राहतं. नळ सोडतं. आवाजाला आडोसा म्हणून नळ चालूच ठेवतं. आणि आरशात बघत म्हणतं, ‘साहेब, एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राकडे ढेकूण झालेत.’

‘किती खोल्या?’

‘दोन बेडरूम. म्हणजे त्याच्या.’

‘पलंग साधा की बॉक्सचा?’

‘बॉक्सचा. हायड्रॉलिक. डाव्या बाजूचा पंप जरा सैल आहे.’

मित्राच्या पलंगाचा डावा पंप माहीत असणं ही मैत्रीची फार वरची पायरी झाली. मी विचारतो, चावे ओळीने दिसतात का? ते विचार करत मनगट खाजवतात.

सगळ्यांना मी एकच सांगतो. ढेकूण आणि अस्वच्छता यांचा संबंध नाही. तो रेल्वेच्या बर्थवरून येतो, हॉटेलच्या खोलीतून बॅगेच्या शिवणीत बसून येतो, जुन्या बाजारातल्या सोफ्यातून येतो. महागडं हॉटेल त्याला वर्ज्य नाही. काही महिने उपाशी राहून तो तुमची वाट बघू शकतो. इतकी चिकाटी आमच्या क्लबात फक्त विमावाल्यांकडे आहे. हे ऐकून समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, ‘बरोबर. सांगतो मित्राला.’

नंतरच्या अटी ठरलेल्या. गाडीवर काही लिहिलेलं नाही ना? नाही, पांढरी गाडी आहे. पंप दिसणार नाही ना? पिशवीत असतो. गाद्या कडक उन्हात टाकता आल्या तर बरं, असं मी म्हणतो, पण टेरेसवर चार गाद्या दिसल्या की सगळ्या सोसायटीला उलगडा होतो, त्यामुळे तो उपाय आपोआप बाद. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं? इथे मी अनुभवाने सांगतो: एसी सर्व्हिसिंग लिहा. आणि एक सर्व्हिस पुरत नाही. पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात, आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पंधरा दिवसांनी परत यावंच लागतं. क्लबातले ट्रेनर ‘फॉलोअप, फॉलोअप’ म्हणून घसा कोरडा करतात. आमच्याकडे फॉलोअप करायला किडाच भाग पाडतो.

एकदा असे एक ट्रेनर आले होते, त्यांनी पडद्यावर मार्क ग्रॅनोव्हेटर हे नाव दाखवलं. या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना गाठून नोकरी कशी मिळाली ते विचारलं आणि १९७३ साली त्यावर निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून ती मिळालेले शंभरात सतराएक. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी खबर दिली होती. जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसं कामाला येतात, असा त्याचा मथितार्थ. माझी केस ग्रॅनोव्हेटरच्या हाती लागायला हवी होती. या हॉलमधल्या कित्येकांच्या गाद्या मी उलट्या करून शिवणीन् शिवण टॉर्चने तपासली आहे. पलंगाच्या बॉक्समध्ये कुणी सासऱ्यांचा तंबोरा ठेवलाय आणि कुणी लग्नात आलेले सतरा लेमन सेट, हे मला ठाऊक आहे. याहून जवळची ओळख धंद्यात होत नसते. पण मंगळवारी त्यांच्या बेडरूममध्ये गुडघ्यावर बसलेला मी, गुरुवारी समोर आलो की ही माणसं माझ्या गळ्यातल्या पट्टीवरचं नाव नव्याने वाचतात.

परिणामी वहीत माझ्या नावापुढे शून्य. अध्यक्षांना ते खुपायला लागलं. त्यांचा ग्रॅनाइट-मार्बलचा व्यवसाय, माणूस मनाने चांगला. एका मीटिंगला त्यांनी जाहीर विचारलं, ‘आपल्या या मित्रासाठी कोण दोन शब्द बोलणार?’ हॉल असा शांत झाला की सांबारात चमचा बुडल्याचं ऐकू यावं. ज्यांच्याकडे मी गेल्याच आठवड्यात होतो ते इडलीची बारकाईने पाहणी करू लागले. शेवटी क्लासवाले सर उठले आणि म्हणाले, ‘माझ्या साडूंच्या शेजाऱ्यांनी यांच्याकडून काम करून घेतल्याचं कानावर आहे. नाशिकला.’ मी नाशिकला काम करत नाही. तरी मी उठून नमस्कार केला.

त्याच दिवशी पार्किंगमध्ये अध्यक्षांनी मला हेल्मेट घालण्याआधी गाठलं. माझे आकडे लाल रंगात आहेत, असं काळजीने सांगितलं, मग आजूबाजूला बघितलं. ‘माझ्या एका मित्राकडे…’

दोन्ही सर्व्हिसेस ठरल्याप्रमाणे झाल्या. पांढरी गाडी, पिशवीतला पंप, रजिस्टरमध्ये एसी. सगळं व्यवस्थित पार पडलं असतं, पण क्लबातल्या एसीवाल्यांकडे त्याच सोसायटीतल्या दोन-तीन फ्लॅटचं वर्षाचं कंत्राट आहे, आणि वॉचमनने सही करायला रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

पुढच्या मीटिंगला ते कागद घेऊन उभे राहिले. क्लबात माणूस असताना बाहेर काम देणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. ‘अध्यक्षच असं वागायला लागले तर आम्ही कुणाकडे बघायचं? फ्लॅट ७०२. एसी सर्व्हिसिंग. डिसेंबर महिन्यात! आणि पंधरा दिवसांत दोनदा!’

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात साखर ढवळत होतो; मी बिनसाखरेचा घेतो.

‘गॅस लीक होत होता,’ अध्यक्ष म्हणाले.

‘दोनदा?’

‘मोठा लीक होता.’

प्रकरण कार्यकारिणीकडे जायचं टळलं, कारण अध्यक्षांनी तिथल्या तिथे घराचे चार आणि शोरूमचे दोन एसी वर्षभराच्या कंत्राटावर त्यांना देऊन टाकले. एसीवाल्यांनी रकमेसकट आभार मानले, आणि त्या महिन्याचा आकडा हिरव्या रंगात गेला. पुढच्या आठवड्यात चार चांगले शब्द बोलायची पाळी अध्यक्षांची आली. ते उठले, घसा साफ केला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्यामुळे जे खरं होतं तेच तोंडून गेलं: ‘यांच्या सर्व्हिसिंगनंतर आमच्या घरात सगळ्यांना इतकी शांत झोप लागते म्हणून सांगू! मिसेस तर म्हणाल्या, महिन्याभरात पहिल्यांदा सलग झोपले.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. एसीवाल्यांनी वाकून नमस्कार केला. मीही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेतून होमिओपॅथ डॉक्टरांनी हात वर केला.