चिखल काढला म्हणून मदत नाही

आज सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'पूर आला की पैसे द्या, भूकंप झाला की घर बांधून द्या. सरकार म्हणजे काय विमा कंपनी आहे? टॅक्स भरायचा आम्ही आणि वाटप यांना!' खाली हसण्याच्या इमोजी, दोन-चार अंगठे, आणि एकाचं 'अगदी मनातलं'. मी तिथे काही लिहिलं नाही. लिहिलं की 'अगं, जोक होता, किती मनावर घेतेस' असं येतं आणि माझं डोकं आणखी फिरतं. म्हणून इथे लिहितेय. इथे निदान माणुसकीच्या बाराखडीपासून सुरुवात करावी लागत नाही.

माझ्या मावशीची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. तिच्या घरात पुराचं पाणी शिरलं, चांगलं छातीपर्यंत. ओसरल्यावर ती घरी आली आणि आल्या आल्या तिनं घर धुवायला काढलं. साठी उलटलेली, एकटी बाई. बादल्या भरभरून चिखल बाहेर टाकला, भिंती खराट्यानं घासल्या, कुजायला लागलेल्या गाद्या ओढत रस्त्यावर नेल्या. कचऱ्याच्या गाडीनं त्या उचलून नेल्या. त्यानंतर केव्हातरी पंचनाम्याची माणसं आली. उंबऱ्यातूनच आत डोकावली. "आजी, तुमच्याकडे तर सगळं व्यवस्थित दिसतंय." भिंतीवरची पाण्याची खूण? घासून काढलेली. भिजलेलं सामान? कचऱ्यात गेलेलं. कागदावर लिहिलं गेलं, 'किरकोळ नुकसान'. पलीकडच्या घरातली माणसं नातेवाइकांकडे गेली होती, त्यांचा चिखल जागच्या जागी होता, त्यांचा पंचनामा अगदी रीतसर झाला. त्यांचंही नुकसान खरंच होतं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मावशीनं काय करायला हवं होतं? साहेब येईपर्यंत चिखलात बसून राहायचं?

आता त्या विमा कंपनीबद्दल. विमा कंपनीला गिऱ्हाईक नाकारता येतं आणि गिऱ्हाईकाला कंपनी. सरकारच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. घर कुठे बांधायचं, किती मजले चढवायचे, नदीपासून किती लांब, याची परवानगी सरकार देतं. पूररेषा सरकार आखतं. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, हे सरकार ठरवतं. इशारा द्यायचा की नाही, तेही. माझ्या घराबद्दलचे इतके निर्णय ज्याच्या हातात आहेत, त्यानं घर बुडाल्यावर 'तुमची खासगी बाब' म्हणायचं? पूल वाहून गेला तर सरकार पूल बांधतं. पुलानं विमा उतरवला होता का, असं कुणी विचारत नाही. त्या पुलावरून जाणाऱ्या बाईचं घर गेलं की मात्र लगेच सगळ्यांना करदाता असल्याची आठवण होते. मावशीही टॅक्स भरते हो. साबण घेतला तरी भरते.

हा 'खासगी बाब' वाला युक्तिवाद ग्रुपवरच्या विद्वानांनी शोधलेला नाही. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथलं सरकारही हेच म्हणत होतं, की रस्ते, बंदरं आम्ही उभारू, पण खासगी घरासाठी सार्वजनिक पैसा देता येणार नाही. लोकांना तात्पुरत्या घरांत हलवलं, तेही जुने शेजारी तोडून, कोण कुठे आणि कोण कुठे. म्हातारी माणसं त्या खोल्यांत एकेकटी मेली आणि कुणाला कळलंही नाही. मग लोकच उठले. माकोतो ओदा नावाचे लेखक त्यात पुढे होते. सह्या, मोर्चे, संसदेत खेटे, आणि १९९८ मध्ये कायदा झाला. सुरुवातीला जास्तीत जास्त १० लाख येन, त्यालाही उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी. २००४ मध्ये रक्कम ३० लाखांपर्यंत वाढली, पण गंमत बघा, ती घर बांधायला वापरायची नाही! भूकंपात घर गेलंय, मदत घ्या, पण घर सोडून बाकी कशावरही खर्च करा. ही अट जायला २००७ उजाडलं. म्हणजे जपानसारख्या देशालाही एवढी साधी गोष्ट कळायला बारा वर्षं लागली. पण कळली. आणि कुणी मनानं दिली नाही, लोकांनी भांडून घेतली.

मावशीच्या अर्जाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पुन्हा पाहणी करा असा अर्ज तिनं केला. तर आधी घराचे कागद मागितले. कागद कपाटात होते, कपाट पाण्यात. बरं, घर काकांच्या नावावर, काका जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस नोंद अर्धवट. मग काकांच्या मृत्यूचा दाखला आणा. तोही त्याच कपाटात. आता मला सांगा, हे सगळे कागद दिले कुणी होते? सरकारनंच ना? घरपट्टी त्या घराची दर वर्षी कोण घेत होतं? वसुलीच्या वेळी त्यांच्याकडे घराची सगळी माहिती असते, नोटीस बरोबर पत्त्यावर येते, नावातली वेलांटीसुद्धा चुकत नाही. द्यायची वेळ आली की ते मावशीला विचारतात, तुम्ही इथेच राहता याला पुरावा काय?

लिहिता लिहिता परत संताप यायला लागलाय. जरा थांबून पाणी पिऊन आले.

कोविडच्या वेळी असंच झालं होतं, आठवतंय? आपत्तीत गेलेल्या माणसाच्या घरच्यांना सानुग्रह मदत ठरवणं हे कायद्यानं बंधनकारक आहे, मर्जीची गोष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्ये सांगावं लागलं. त्यानंतर ५० हजार रुपये ठरले. आणि मग दाखल्यांचा खेळ. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, म्हणून पैसे नाहीत. शेवटी ऑक्टोबरमध्ये न्यायालयालाच सांगावं लागलं की केवळ दाखल्यावर तसं लिहिलेलं नाही एवढ्या कारणानं मदत नाकारता येणार नाही. ज्या दिवसांत स्मशानाबाहेर रांगा होत्या, त्या दिवसांत दाखल्यावर नेमकं काय लिहिलंय हे बघत बसायला कुणाला सुचलं असेल?

बरं, कायदा आहे म्हणून निश्चिंत राहावं तर तेही नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात १३ वं कलम होतं. मोठ्या आपत्तीत ज्यांचं सगळं गेलं, त्यांना कर्जफेडीत सवलत द्या अशी शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाला करता यायची. नुसती शिफारस! ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये डोंगर खाली आला, वस्त्याच्या वस्त्या गेल्या. तिथल्या लोकांची कर्जं माफ करण्याचा विषय केरळ उच्च न्यायालयात सुरू होता, तोवर २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं गेलं. आणि केंद्रानं कोर्टात सांगितलं, प्राधिकरणाला आता असा अधिकारच उरलेला नाही. ज्या घरावर कर्ज होतं ते घर राहिलं नाही, ज्या जमिनीवर घर होतं ती जमीन राहिली नाही, राहिला फक्त हप्ता. यावर ग्रुपवर एक तरी फॉरवर्ड आला होता का? मला तरी दिसला नाही.

हो, खोटे लाभार्थी असतात. मान्य. ज्याच्या अंगणातसुद्धा पाणी आलं नाही त्याचं नाव यादीत असतं, हे मी स्वतः पाहिलंय. पण ते नाव यादीत घालतं कोण? मावशीनं नाही घातलं.

आणि सरकारकडे पैशाचं झाड नाही, हेही मान्य. पुढे.

'नदीपात्रात घरं बांधायची आणि मग रडायचं' हा दुसरा लाडका मुद्दा. काही ठिकाणी खरा आहे, नाही म्हणत नाही. पण नदीच्या काठाला बंगले असतात आणि झोपड्याही असतात, अतिक्रमण म्हणून नाव फक्त झोपड्यांचं निघतं. आणि ज्यानं त्या बांधकामाच्या नकाशावर सही केली, त्याच्या घरी पंचनामा करायला कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गरिबाला कमी मिळतं हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. २००५ मध्ये कॅटरिना वादळानं अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स बुडालं. घरं पुन्हा बांधायला लुइझियाना राज्यानं 'रोड होम' नावाची योजना आणली. कमाल मर्यादा दीड लाख डॉलर. अनुदान कसं ठरवायचं? वादळाआधीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी असेल त्यावर. ऐकायला किती वाजवी वाटतं! पण काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये तशाच घराची किंमत बाजारात आधीच कमी. वीट तीच, लाकूड तेच, गवंड्याची मजुरी तीच, पैसे मात्र कमी, कारण तुमची वस्ती 'तशी'. लोक २००८ मध्ये कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. वादळापासून सहा वर्षं. तेवढ्या काळात माणूस गाव सोडून जातो, म्हातारं माणूस असेल तर जगच सोडून जातो.

नियम करणाऱ्यानं ते सगळं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण नियम करताना त्या वस्तीतलं एकही माणूस टेबलाशी बसलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. मावशीच्या फॉर्ममध्येही तेच. घराचा रकाना होता, पिकाचा होता, जनावरांचा होता. तिचं शिलाई मशीन कुठे लिहायचं? त्या मशीनवर तिनं दोन मुलं शिकवली. पुरात मोटर गेली, गंजून सगळं जाम झालं. फॉर्म भरून घेणारा म्हणाला, "मावशी, हे घरगुती सामानात धरा." भांडीकुंडी आणि मशीन एकाच ओळीत. कपडे गेले तर माणूस कुणाचे तरी जुने घालून दिवस काढतो. मशीन गेलं म्हणजे उद्याची कमाई गेली, आणि फॉर्म बनवणाऱ्याला हा फरक सुचलाच नाही.

त्या पंचनाम्याला आलेल्या मुलाबद्दल मात्र मी थोडं मऊ झालेय. पुढे कळलं की त्याचं स्वतःचं घरही पाण्यात होतं. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, फोटो अपलोड करायचे, नेटवर्क नाही, वरून 'आजच्या आज यादी पाठवा' असे फोन, आणि रात्री आपल्या घरातला चिखल उपसायचा. त्याच्यावर ओरडून मला काय मिळणार? एवढी गावं आणि एवढी कमी माणसं, हा हिशेब वर बसलेल्यांनी करायचा होता. पाऊस काही न सांगता येत नाही, दर वर्षी येतो. माणसं कुठून आणायची, ती काय बघणार, किती दिवसांत बघणार, हे उन्हाळ्यात ठरवून ठेवता येत नाही का?

आणि जमतच नाही असंही नाही. किल्लारीच्या भूकंपाचंच बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ, विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज काढून पुनर्वसन केलं, बावन्न गावं नव्या जागी वसवली. त्यात चुका भरपूर झाल्या. वाडे आणि गल्ल्यांची सवय असलेल्या लोकांना रुंद रस्त्यांवरच्या एकसारख्या चौकोनांत नेऊन बसवलं, शेतं लांब पडली, शेजार मोडला. पण जिथे गाव हलवायचं नव्हतं तिथे वेगळी रीत होती. पैसे आणि सामान सरकारचं, इंजिनिअरचा सल्ला सरकारचा, घर मात्र ज्याचं त्यानं आपल्या पद्धतीनं दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायचं. २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. हप्त्याहप्त्यानं पैसे, मधे तपासणी, आणि आपलं घर आपण उभं करायचं. लोकांच्या हातात पैसे दिले की ते उडवतात म्हणणाऱ्यांनी तिथली घरं बघून यावं.

मला स्टेजवरचे पुठ्ठ्याचे मोठ्ठे चेक नकोत. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो तर अजिबात नकोत. त्या पुठ्ठ्याच्या चेकमागे उभ्या केलेल्या बाईचा चेहरा एकदा नीट बघा. तिला हसायला सांगितलेलं असतं.

मावशीनं शेवटी नाद सोडला. "जाऊ दे गं, किती हेलपाटे घालायचे," म्हणाली. भाच्यांनी मिळून मशीन घेऊन दिलं, त्यावर ती आता शेजारपाजारचे ब्लाऊज शिवते. आमचं कुटुंब होतं म्हणून निभावलं. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांचं काय झालं असेल ते मला माहीत नाही. पण अशी थकून बसलेली माणसं सरकारच्या आकडेवारीत कुठे येतात ते सांगू? 'निकाली काढलेले अर्ज' या रकान्यात.

तर मागणं काय? पंचनाम्याची तारीख वस्तीत आधी जाहीर करा. लोकांनी स्वतः काढलेले मोबाइलमधले फोटो पुरावा म्हणून घ्या, म्हणजे कुणाला चिखल राखून ठेवावा लागणार नाही. घरपट्टी, वीजबिल, मतदार यादी तुमच्याकडेच आहे, ती तुम्ही उघडून बघा. ज्या साधनावर माणूस कमावतो त्याला फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाना द्या. कुणाला किती मंजूर झालं ती यादी चौकात लावा, खोटी नावं वस्तीच शोधून देईल. आणि अर्ज नाकारलात तर लेखी कारण द्या. 'वरून मंजूर झालं नाही' हे कारण नव्हे. कोणत्या नियमाखाली नाकारलं, सही कुणाची, आणि अपील कुठल्या खिडकीवर करायचं, हे त्याच कागदावर छापा. वसुलीच्या नोटिशीवर हे सगळं छापलेलं असतं, त्यामुळे छपाईचं तंत्र तुमच्याकडे आहे हे आम्हाला माहीत आहे.