"आपलाच व्हेक्टर लिहूया की!"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात परवा नवीन पोरगं म्हणालं, "सर, एसटीडी व्हेक्टर स्लो आहे, अनऑर्डर्ड मॅपपण. आपलाच एक लिहूया की!" एसटीडी व्हेक्टर म्हणजे सी प्लस प्लस भाषेच्या मानक लायब्ररीत (एसटीडी) आयती मिळणारी, आपोआप वाढणारी यादी. मी म्हटलं, व्हेक्टर लिहिलाय मी, लई वर्षांपूर्वी. चहा सांग, मग बोलू.

शिरोलीतल्या एका कारखान्याला हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम करून दिला होता. दर दहा सेकंदाला एक आकडा. सी प्लस प्लसमध्ये आयता व्हेक्टर असताना मी स्वतःची यादी लिहिली, कारण वयच तसं होतं. मेमरीतल्या 64 जागा भरल्या की 128 ची नवी जागा घ्यायची, जुने आकडे तिकडं हलवायचे, जुनी जागा सोडायची आणि नवा आकडा शेवटी ठेवायचा. बरोबर वाटतंय ना? मलाही वाटलं.

सेन्सरनं दांडी मारली की मागचाच आकडा पुन्हा जोडायचा, असं ठरलेलं. म्हणजे यादीतला शेवटचा घटक रेफरन्सनं (म्हणजे प्रत न देता त्याची मूळ जागा दाखवून) त्याच यादीच्या जोडायच्या फंक्शनला द्यायचा. आता नेमकी त्याच वेळी यादी भरली तर? जुनी जागा सोडून झालेली, आणि मी आकडा वाचतोय तिथूनच! कधी नशिबानं बरोबर यायचा, कधी 890 अंशांच्या मधोमध भलतंच काहीतरी. सेन्सर बंद पडणं आणि यादी भरणं एकाच क्षणी जुळायला महिने जायचे. मी त्यांना दोनदा थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) बदलायला लावलं. तिसऱ्यांदा सुपरवायझर म्हणाले, "साहेब, आता काय भट्टीच बदलू काय?"

एसटीडी व्हेक्टरमध्ये असं होऊन चालत नाही. स्वतःचाच घटक पुश बॅक केला (म्हणजे शेवटी जोडला) तरी तो नीट बसलाच पाहिजे, ही लायब्ररी लिहिणाऱ्याची जबाबदारी. म्हणून ते नवा घटक बसवून मगच जुनी जागा सोडतात. दोन ओळींची अदलाबदल, बास.

पण "स्वतःचं कधी लिहूच नये" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. क्यूटी ही सी प्लस प्लसची लायब्ररी 1990 च्या दशकातली, आणि सी प्लस प्लसचं पहिलं मानकच 1998 चं. त्यांनी वाट बघत बसायचं होतं काय? 2020 च्या क्यूटी 6 मध्ये क्यूव्हेक्टर आणि क्यूलिस्ट हे त्यांचे दोन यादी-प्रकार एकच झाले, पण स्वतःचे कंटेनर (डेटा ठेवायचे असे प्रकार) त्यांनी सोडले नाहीत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीनंही गेमच्या मेमरीच्या अडचणी मांडून स्वतःची एसटीएल (आयत्या कंटेनरांची लायब्ररी) का केली, ते 2007 मध्ये मानक समितीपुढं ठेवलं होतं.

आणि अनऑर्डर्ड मॅप (किल्लीवरून किंमत शोधून देणारा एसटीडीतला तक्ता) खरंच हळू आहे, ते पोराचं बरोबर. पण का, ते बघा. मॅप वाढून रीहॅश झाला (म्हणजे आतली मांडणी नव्यानं झाली) तरी आतल्या घटकाचा पत्ता बदलणार नाही, असा शब्द मानकानं दिलाय. तो पाळायचा तर प्रत्येक घटक मेमरीत वेगळा ठेवावा लागतो, आणि शोधताना प्रोसेसर इकडून तिकडं उड्या मारत बसतो. गूगलच्या अॅब्सेल लायब्ररीतला फ्लॅट हॅश मॅप तो शब्द देतच नाही, म्हणून पळतो. तुमच्या कोडमध्ये कुणी तो पत्ता धरून बसलंय का, एवढं आधी तपासा. इथंच बरेचजण मार खातात.

माझा हट्ट एकच: लायब्ररीच्या दारात (म्हणजे बाहेरच्या कोडशी देवाणघेवाण करताना) एसटीडी, आत काय वाट्टेल ते. एका प्रोजेक्टमध्ये तीन लायब्ररी, तिन्हींच्या तीन स्ट्रिंग (मजकूर ठेवायचे प्रकार). प्रोफायलर (वेळ कुठं जातो ते मोजणारं साधन) लावला तर प्रोग्रामचा बराच वेळ एका स्ट्रिंगची दुसरी करण्यात चाललेला. (दारात एसटीडी ठेवूनही ताप होतो, मान्य. 2015 च्या जीसीसी 5 या कंपायलरनं स्ट्रिंगची आतली मांडणी बदलली तेव्हा जुन्या लायब्ररींशी लिंक करताना आम्हीही डोकं धरलं होतं.)

पोरानं शेवटी एकाच फाइलमधला एकच मॅप बदलला, आणि तोही मोजून. व्हेक्टरला हात लावला नाही.

माझी ती जुनी यादी मात्र अजून एका मशीनवर चालू आहे. सोमवारी शिरोलीला जाऊन काढायचीय. पोरगं म्हणतंय, "मीपण येतो सर, मला बघायचाय तो यादीचा कोड."