केरननंतरही ९ ब्रिगेड लढतच होती
दुसऱ्या महायुद्धातल्या ९व्या भारतीय इन्फंट्री ब्रिगेडवरचा तुमचा लेख आवडला, पण तिची गोष्ट एरिट्रियातच संपवली हे काही पटलं नाही. एरिट्रियातल्या केरनला मार्च १९४१ मध्ये डोंगोलासची खिंड इटालियनांनी दगड पाडून बंद केलेली, दोन्ही अंगाला उभे डोंगर, दारूगोळा न् पाणी माणसांनीच वर वाहून न्यायचं, तिथे फ्लॅट टॉप टेकडी आपल्या ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीने (५व्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन) घेतली, याचा लेखात एका ओळीतही उल्लेख नाही! पुढे इथिओपियात अंबा अलागी, मग १९४२ला लिबियात गझालाच्या लढाईत ब्रिगेडचे फार हाल झाले. आणि खरी कमाल तर बर्मा आघाडीवर, १९४४ला अराकानमधून विमानाने उचलून थेट इंफाळला आणि १९४५च्या मार्चमध्ये मेकटिलाला, तिथे तर जपानी तोफा धावपट्टीवरच मारा करत होत्या आणि तशात विमानं उतरवून जवानांना खाली काढलं. मराठा बटालियन तोवर वेगळ्या डिव्हिजनमध्ये गेलेली, तिच्याच यशवंत घाडगेंना इटलीत १९४४ला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांमधून फौजेच्या गोष्टी अजून निघतात, पण मुलांना केरन कुठे आहे तेच माहीत नसतं. दुसरा भाग लिहाच, आणि नकाशा जरूर टाका.