दाजींची ट्रॉली

ट्रॅक्टर कुठंपण लावता येतो ओ, खरी भानगड ट्रॉलीची. कारखाने आमच्या जिल्ह्यात एवढे, की सीझनला उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडवण्यातच आम्हा सोलापूरकरांचं निम्मं आयुष्य जातं, पण तेव्हा ट्रॉली दुसऱ्याची असते त्यामुळं नुसत्या शिव्या घातल्या की भागतं.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, दाजी मंगळवेढ्याहून आले, अख्खं घर, हुरडा आणि ज्वारीची पोती ट्रॉलीत घालून. जत्रेचे 7 नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना निघाले की गावात सायकल शिरायची मारामार, तिथं ट्रॉली कोण नेऊ देतंय, म्हणून ती आली जुळे सोलापुरात आमच्या बोळात. बोळ पुढं बंद, म्हणजे आत येताना नाहीतर जाताना रिव्हर्स आलाच. दाजींनी एका हातानं शेंगा खात खात ट्रॉली आत घातली आणि वर मला शिकवलं, की दोन चाकीला स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉली उजवीकडं जाती, आणि ही चार चाकी, हिचा पुढचा आस पण फिरतो म्हणून हिचं उलट्याचं उलटं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कारखान्यावरनं फोन आला, माणसं एसटीत बसवली, दाजींनी पिन उपसून खिशात घातली आणि नुसतं मुंडकं घेऊन गेले. "परवा येतो, राहू दे."

परवा काय आला नाही.

ट्रॉली मात्र गल्लीत रुळली. कुत्र्यांनी खालची सावली धरली, पोरांची वर क्रिकेटची गॅलरी झाली, समोरच्या काकूंनी फाळक्यावर चादरी वाळत घातल्या (सोलापुरी, म्हणजे भिजल्यावर एकेकीचं वजन काय विचारू नका). एक जण तर भाडं विचारून गेला. फक्त गुरुजींची स्कूटर आत अडकली होती आणि ते रोज सकाळी येऊन ट्रॉलीचा नंबर वहीत लिहून घ्यायचे, कालचाच नंबर.

शेवटी रविवारी ढकलायचं ठरलं. चाकाखालचे दगड काढले, पाचसहा जण मागं, पुढं दांडी धरायला मी. मोकळी ट्रॉली सरकते हो, सरकत नाही असं नाही, पण दांडी डावीकडं नेऊ का उजवीकडं यावर सहा जणांची सात मतं. "माझ्याकडं फिरव बे!" "अरे तुझ्याकडं म्हणजे कुणाकडं?" यात ती तिरकी होऊन बोळाला अशी आडवी बसली की आता गुरुजींच्या स्कूटरसोबत सगळ्यांच्याच गाड्या आत. शेजारच्या साइटवरचा ट्रॅक्टर आणला तर पिन नाही, मग त्या पोरानं सळईचा तुकडा घातला आणि मागं न बघता, गाणं म्हणत, एका झटक्यात ट्रॉली सरळ करून दिली. वय असेल वीस. आम्ही सगळे इंजिनीअर.

आणि एकदाचे दाजी आले. हॉर्न ऐकून गल्ली बाहेर आली, गुरुजी वही घेऊन. ट्रॅक्टर थेट आत, आणि मागं आणखी एक ट्रॉली जोडलेली. दोन्ही मागंपुढं जोडून कारखान्याला न्यायचा बेत. दाजी खाली उतरले, बंद भिंतीकडं बघितलं, दोन ट्रॉल्यांकडं बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाले, "पाव्हणं, जोडी लावून रिव्हर्स माझ्या बाला पण जमणार नाही. एक आज नेतो. दुसरी राहू दे परवापर्यंत."

गुरुजींनी वहीचं पान उलटलं.