म्हणे सगळी ब्लेडं सारखीच, फरक फक्त कागदाचा

तो फॉरवर्ड परत फिरून आला, आधी बिल्डिंगच्या ग्रुपवर, मग शाळेच्या, मग सासऱ्यांकडून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दाढीची दुधारी ब्लेडं सगळी एकाच पोलादाची, दोन-तीन कारखान्यांत बनतात आणि वरचा कागद तेवढा बदलतो, म्हणून महागडं घेणारे मूर्ख. खात्री करायची तर एक ब्लेड लावून बघा, पहिल्या दाढीतच कळतं. आणि ब्लेड बोथट होतं गंजाने, त्यामुळे पुसून कोरडं करून उत्तर-दक्षिण ठेवा, सहा महिने चालेल. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ जारी'.

आधी पोलादाचं. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. ब्लेडचं पोलाद बनवणारे जगात खरंच मोजकेच आहेत, स्वीडन आणि जपानची नावं सारखी ऐकू येतात, आणि बहुतेकांची रेसिपीही जवळपास तीच, १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि पाऊण टक्क्याहून थोडा कमी कार्बन. पण पीठ एकाच चक्कीतलं म्हणून दोन घरच्या भाकऱ्या सारख्या होतात का? जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची ती पट्टी, ती हजार अंशांच्या वर तापवून झपकन थंड करायची, मग दोन्ही कडा टप्प्याटप्प्याने घासायच्या, मग धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा थर, आणि सगळ्यात शेवटी पीटीएफई, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, ते फवारून परत भाजायचं. यातलं काहीही थोडं इकडेतिकडे झालं की गालाला कळतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने असा थर दिलेलं स्टेनलेस ब्लेड आणलं तेव्हा जिलेटसारख्या कंपनीला धावपळ करत स्वतःचं स्टेनलेस काढावं लागलं, नुसत्या कागदाचा खेळ असता तर एवढी पळापळ कशाला?

कारखान्याचं म्हणाल तर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एका कारखान्यातून अॅस्ट्रा, नॅसेट, पोलसिल्व्हर, सेव्हन ओ'क्लॉक अशी सगळी भावंडं निघायची हे खरंच. पण ती लावून बघितलेला कुणीही सांगेल की ती एकसारखी लागत नाहीत. आणि याच्या उलटं पण आहे, जे फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातच आलेलं नाही: नाव एकच आणि कारखाने वेगळे. सेव्हन ओ'क्लॉक रशियातलं वेगळं, आपल्याकडचं वेगळं. म्हणजे कारखाना एक असला तरी ब्लेड वेगळं, नाव एक असलं तरी ब्लेड वेगळं, मग नक्की कागद बघून काय ठरवणार?

आता खरी गंमत, 'एक ब्लेड लावून बघा'. मी पण बरीच वर्षं हेच करायचो. एक पाकीट घेतलं (कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही), पहिलं ब्लेड लोण्यासारखं चाललं, लगेच भावाला फोन करून सांगितलं की बाबा हेच घे. दुसरं हनुवटीखाली असं ओढायला लागलं की डोळ्यात पाणी. तिसरं ठीक. चौथं परत चांगलं. पाचवं मी एका गालानंतर काढून टाकलं. आता सांगा, हा ब्रँड चांगला की वाईट? पहिल्या ब्लेडवर थांबलो असतो तर 'बेस्ट', पाचव्यावर सुरुवात केली असती तर 'कचरा', आणि दोन्ही चूक. त्या ब्रँडचा खरा दोष धार कमी असण्याचा नव्हताच, पाकीट उघडलं की आज काय निघेल याचा भरवसा नाही, हा होता.

मग मी एक उद्योग केला. बायकोला सांगितलं की दोन ब्रँडची पाच-पाच ब्लेडं साध्या कागदात गुंडाळ, नंबर टाक, यादी तुझ्याकडे ठेव (ती म्हणाली, लोक रविवारी मटण आणतात). साबण तोच, रेझर तोच, दाढी दोन दिवसांची, आणि ब्लेडच्या एका कोपऱ्यावर मार्करने ठिपका, कारण एकाच ब्लेडच्या दोन कडासुद्धा सारख्या असतीलच असं नाही. माझ्या वहीत दोन ब्लेडांपुढे चक्क 'ठिपक्याची बाजू बरी, दुसरी ओढते' असं लिहिलेलं आहे. ज्यांना मोजायचंच आहे ते एका ठरावीक तंतूवर धार दाबून किती ग्रॅमला तुटतो ते बघतात, चांगलं नवं दुधारी ब्लेड ५० च्या आसपास येतं. पण ते पण एकाच ब्लेडवर मोजून उपयोग नाही, चार-पाच ब्लेडं आणि दोन्ही कडा घ्याव्या लागतात, तरच आकडा कायतरी बोलतो.

आमच्या खालच्या सलूनमधल्या कारागिराला हे सगळं आधीच माहीत होतं. नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात घालतो, कानाजवळ एक फटका मारून बघतो, ओढलं तर काही न बोलता दुसरं अर्धं. ब्रँड विचारला तर म्हणाला, 'साहेब, पाकिटात एखादं निघतंच.'

बाय द वे, पहिल्या दाढीवरून न ठरवण्याचं अजून एक कारण म्हणजे तो पीटीएफईचा थर, नव्या ब्लेडवर तो जाड असतो, एकदा फिरवलं की पातळ होतो, त्यामुळे बऱ्याच जणांना दुसरी दाढी जास्त छान वाटते.

फेदरबद्दल कायम विचारतात. सेकी शहरात सुरू झालेली जपानी कंपनी, धार भयंकर. मला त्याची धार झेपत नाही, मान लाल होते, पण दहातली दहा सारखी लागतात हे मान्य. स्वतः मात्र मी साधी भारतीय ब्लेडं वापरतो, स्वस्तातली, तेव्हा महागड्यांची वकिली करतोय असं कुणी समजू नका.

गंजाचं आता फार ताणत नाही. कार्बन स्टीलच्या जमान्यात, त्यात जुलैमधली मुंबईची हवा, ते बरोबर होतं. स्टेनलेसचं वेगळं आहे, २०२० मध्ये एमआयटीच्या लोकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा ५० एक पट मऊ असूनही तो धारेचे बारीक टवके काढतो. टवका उडाला की कितीही पुसा, तो परत येत नाही, उलट टॉवेलने घासलं तर थर जातो आणि बोट कापतं ते वेगळं. धुवा, झटका, ठेवा. दिशेबद्दल म्हणाल तर १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात एकाने ब्लेड धारदार ठेवणाऱ्या छोट्या पिरॅमिडचं (ब्लेड त्यात उत्तर-दक्षिण ठेवायचं) पेटंट खरंच मिळवलं होतं, मुळात त्यातूनच ते उत्तर-दक्षिण आलं असावं, पण पेटंट मिळालं म्हणजे ब्लेड धारदार होतं असं नाही ना.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी नंबर टाकलेली पाच ब्लेडं देऊन आलो, म्हटलं काका, सगळी सारखी लागली तर मी ग्रुपवर माफी मागतो. अजून काही बोलले नाहीत. काल लिफ्टमध्ये भेटले तेव्हा हनुवटीला पेपरचा तुकडा चिकटवलेला होता, म्हणाले, 'तीन नंबर कुठलं रे?'