जावासीला शिव्या देण्याआधी

ऐरोलीच्या ऑफिसांतल्या नव्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'रेफरन्स इज अँबिग्युअस' (एकाच नावाच्या मेथडपैकी कुठली हवी ते ठरत नाही) ही एरर म्हणजे जावासीचा, म्हणजे जावासोबत येणाऱ्या कंपायलरचा बग, कारण तोच कोड इक्लिप्स या एडिटरमध्ये चालतो. पुढे म्हटलंय, जेनेरिक टाइप ('लिस्ट ऑफ स्ट्रिंग'मधला 'स्ट्रिंग') कंपाइल होताना इरेझ होतात, म्हणजे पुसले जातात, म्हणून कंपायलर गोंधळतो. कास्ट टाका (टाइप स्पष्ट लिहून द्या), पुढे चला.

आधी इक्लिप्सचं बघू. ते जावासी वापरतच नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे, ईसीजे. दोघांचं पटलं नाही तर निवाडा भाषेच्या स्पेसिफिकेशनचा, कलम 15.12.2. आजवर बग दोघांतही निघालेत, त्यामुळे 'इक्लिप्समध्ये चालतं' हा पुरावा होत नाही.

इरेझरचा मुद्दा तर साफ चुकीचा. लिस्ट ऑफ स्ट्रिंग आणि लिस्ट ऑफ इंटिजर घेणाऱ्या एकाच नावाच्या दोन मेथड एका क्लासमध्ये लिहून बघा. 'नेम क्लॅश' येईल, तेही कुणी कॉल करायच्या आधीच. अँबिग्युअस येते कॉलच्या ओळीवर, आणि तेव्हा कंपायलरपुढे सगळे टाइप शाबूत असतात. आमच्याकडे एका मेथडचे दोन ओव्हरलोड (नाव एकच, पॅरामीटर वेगळे) होते: एक स्ट्रिंगवरून इंटिजर ऑब्जेक्ट देणारं फंक्शन घेणारा, दुसरा टू-इंट-फंक्शन, म्हणजे साधा इंट देणारं फंक्शन घेणारा. कॉल करताना दिलेल्या लॅम्डात (बिननावाच्या छोट्या फंक्शनात) पॅरामीटर म्हणून नुसतं 'एस' लिहिलं की एरर. 'स्ट्रिंग एस' लिहिलं की गुमान टू-इंटवाला निवडला. कारण 2014 च्या जावा 8 पासून नियमच असा आहे: पॅरामीटरचा टाइप न लिहिलेला लॅम्डा ओव्हरलोड निवडताना उघडून बघितला जात नाही. मग दोन्ही मेथड सारख्याच तोलाच्या राहतात. जावाच्या कम्पॅरेटरमध्ये (क्रम ठरवणाऱ्या इंटरफेसमध्ये) 'कम्पेअरिंग' आणि 'कम्पेअरिंगइंट' अशी वेगळी नावं हौसेने ठेवलेली नाहीत, हाच घोळ टाळायला ठेवलीत!

राहिला कास्ट. तो वाईट नाही, पण कुठली मेथड हवी हे कळल्यावर टाकायचा. ओव्हरलोड आपलेच असतील तर सरळ एकाचं नाव बदला. स्ट्रीमच्या 'मॅप'मध्ये 'इंटिजर'चं 'टू-स्ट्रिंग' मेथड रेफरन्स म्हणून (लॅम्डाऐवजी मेथडचं नुसतं नाव) दिलं की हीच एरर येते, कारण तिथे स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) आणि साधी अशा दोन्ही मेथड बसतात. तिथे कास्ट टाकूनही सुटत नाही. 'ऑब्जेक्ट'चं 'टू-स्ट्रिंग' द्या, झालं.

मला जास्त भीती एरर न येण्याची वाटते. कॉल करणारा मागेल तो टाइप परत देणारी जेनेरिक मेथड 'स्ट्रिंग'च्या 'व्हॅल्यू-ऑफ'ला दिली, तर जावा 7 'ऑब्जेक्ट'वाली निवडायचा. जावा 8 कॅरेक्टर ॲरेवाली निवडतो. कंपाइल सुरळीत, आणि रन केल्यावर क्लास कास्ट एक्सेप्शन, म्हणजे टाइप जुळत नसल्याची एरर. 'ऑब्जेक्ट'चा कास्ट खरा लागतो तो इथे, आणि नेमका इथेच कंपायलर चकार शब्द काढत नाही.