‘सरासरी पन्नास’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पबमधल्या डार्ट्स लीगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “काका, इतकी वर्षं बाण मारूनही सरासरी पन्नासच्या आसपास, म्हणजे खेळ आलाच नाही. लिटलर सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. झेपत नसेल तर कॅरम खेळा.” त्यापुढे लेख लांबलाय, दारूचं कौतुक चाललंय, आणि लीगमध्ये नवी मुलं किती, बायका किती, यावर अवाक्षर नाही, असंही आहे. शेवटी, “स्पष्ट बोलतो, राग नसावा.”

लेख लांबला, हे मान्य. पोर्क पायवरचा परिच्छेद कापता आला असता.

राग मात्र आलाय. मतभेदाला माझी ना नाही, पण ही काय बोलायची पद्धत झाली? काका म्हटल्याचंही काही नाही, केस पांढरे झालेच आहेत. पण ज्या सुरात म्हटलंय, तो सूर मी ओळखतो. स्वतःचं नाव न देता दुसऱ्याच्या उभ्या आयुष्याला एका ओळीत निकालात काढायचं आणि वर ‘राग नसावा’ची पुस्ती जोडायची. समोरासमोर बसून बोलला असतात का असं?

बरं, सरासरीचं बघू. तीन बाणांची एक फेरी, आणि एका फेरीत सरासरीने पडणारे गुण, ती ही सरासरी. खेळ ५०१ पासून सुरू, पडलेले गुण वजा करत शून्यावर यायचं. पन्नास म्हणजे त्याला तीसेक बाण. टीव्हीवरचे बाप लोक शंभराच्या आसपास असतात, म्हणजे पंधरा बाणांत काम तमाम. निम्मे बाण. हा फरक मला ठाऊक नाही असं वाटलं का तुम्हाला?

बोर्डावर वीसच्या एका बाजूला पाच आहे, दुसऱ्या बाजूला एक. आकडे मांडणाऱ्याने हे मुद्दाम केलंय. वीसवर नेम धरला आणि हात केसभर हलला की पाच, नाहीतर एक. वीस, पाच, एक मिळून सव्वीस. माझ्यासारख्या मधल्या हाताच्या माणसाने एकोणिसाच्या तिप्पटीवर, म्हणजे तिप्पट गुण देणाऱ्या अरुंद पट्टीवर मारावं, हा शहाणपणाचा सल्ला आहे, कारण तिथे शेजारी सात आणि तीन आहेत, चुकलं तरी इतकं नागवं होत नाही. तरीही बुधवारी रात्री पबमध्ये निम्म्याहून जास्त लोक वीसवरच मारतात. मीही. हिशेब कळत नाही म्हणून नव्हे, तीन बाण एका ओळीत वीसच्या तिप्पटीच्या लाल पट्टीत रुतल्यावर जो आवाज उठतो त्यासाठी. आणि पट्टी केवढी? आठ मिलिमीटर रुंद. डाव ज्यावर संपवायचा त्या डबलची, म्हणजे कडेच्या दुप्पट गुणांच्या पट्टीचीही तेवढीच. २.३७ मीटरवरून. हे कागदावर वाचायला सोपं आहे.

आता लिटलर. तो जानेवारी २०२५ मध्ये मायकल व्हॅन गर्वेनला ७-३ हरवून जगज्जेता झाला, सतराव्या वर्षी. मी तो सामना पाहिलाय, तुम्ही सांगायची गरज नव्हती. पण तो दुडूदुडू चालायला लागला तेव्हापासून त्याच्या हातात बाण आहेत. मी सतराव्या वर्षी सांगलीत बोर्ड नावाची वस्तू पाहिलीही नव्हती. उदाहरणच द्यायचं तर फिल टेलरचं द्या की. इंग्लंडमधल्या आमच्या स्टोकचा माणूस, कारखान्यात सिरॅमिकच्या मुठी बनवणारा. तेव्हाचा जगज्जेता खेळाडू एरिक ब्रिस्टो, त्याने पदरचे पैसे घालून त्याला उभं केलं, आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेलरनेच ब्रिस्टोला ६-१ असं लोळवलं. तेव्हा टेलर एकोणतीस वर्षांचा होता. तुमच्या हिशेबाने तोवर ‘खेळ आलाच नव्हता’.

स्टोकमध्ये मी टाइलच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा इथल्या लोकांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं नाही. पबमध्ये कोपऱ्यात उभा राहायचो. एका रात्री गुण लिहायला माणूस नव्हता, खडू माझ्या हातात दिला. बोर्डाशेजारी गुणांच्या पाटीकडे तोंड करून उभं राहायचं, कोणी मारत असताना हलायचं नाही आणि बाण रुतले की वजाबाकी लिहायची. आम्ही शाळेत पाढे छडीच्या धाकाने पाठ केलेले. सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न. बाण काढायला माणूस पुढे येईपर्यंत माझा आकडा लिहून झालेला असायचा. पुढच्या हंगामात कॅप्टनने संघाच्या कागदावर माझं नाव घातलं. तेव्हा माझी सरासरी तीससुद्धा नसेल.

आणि मध्यंतरी मला डार्टायटिस झाला. ऐकलाय शब्द? हात मागे जातो, पुढे येतो, बोटं उघडतच नाहीत. बाण सुटत नाही. ब्रिस्टो पाच वेळा जगज्जेता, त्यालाही याने धरलं होतं. भर सामन्यात मी रेघेवर उभा, सगळा पब बघतोय, प्रतिस्पर्धी खाली मान घालून स्वतःच्या बाणांची पिसं नीट करतोय, माझ्याकडे बघायचं नाही म्हणून. कॅप्टनने त्या काळात एकदाही मला वगळलं नाही. व्यावसायिक असतो तर घरी बसलो असतो. आमच्या लीगमध्ये अशा माणसाला जोड्यांच्या सामन्यात कोणाबरोबर तरी खेळवतात, हरतात, आणि मग यजमान पबने ठेवलेले सँडविच आणि सॉसेज रोल सगळे मिळून खातात, जिंकलेलेही. हे सगळं मोजायला तुमच्याकडे आकडा कोणता? पन्नास?

दारूबद्दल. मी सामन्याच्या रात्री शँडी, म्हणजे लेमोनेड घातलेली बिअर पितो, तीही एक. पुढे बोलायचं कारण नाही.

बायका किती, हा प्रश्न. २०१९ च्या डिसेंबरात फॅलन शेरॉकने जागतिक स्पर्धेत लागोपाठ दोन पुरुषांना बाहेर काढलं. बास झालं की. आमच्या लीगची मोजणी करत बसायला मी जनगणना अधिकारी नाही. नवी मुलं, बंद पडणारे पब वगैरे विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

कॅरम मात्र मध्ये ओढायला नको होता. माझे थोरले बंधू जिल्हा पातळीवर खेळलेत. ‘झेपत नाही’ म्हणून खेळायचा खेळ तो नव्हे, हे त्यांच्यासमोर म्हणून बघा.

तर असं करा. एक बोर्ड विकत घ्या. चुंबकाचा नको, केकताडाच्या धाग्यांचा खरा. बुल, म्हणजे बोर्डाचा मधला ठिपका, जमिनीपासून १.७३ मीटरवर येईल असा टांगा, २.३७ मीटरवर रेघ आखा. ५०१ वरून खाली या आणि डबलवरच संपवा, सिंगलवर संपलेलं धरत नाहीत. बाण किती लागले ते इथेच लिहा. मी कोणाची प्रतिक्रिया अडवत नाही.